सूनबाईंचं पाकीट

पस्तीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देते-घेते. सातवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. परत आलेलं प्रत्येक पुस्तक रॅकवर ठेवण्याआधी वाचलं, एवढंच माझं शिक्षण. (काही प्राध्यापकांपेक्षा जास्त भरेल, पण तो विषय वेगळा.) तरी मला कुणी कधी ट्रेनिंगला पाठवलं नाही. आणि माझी सून? दोन वर्षांपूर्वी आमच्याच ऑफिसात लागली, पाचच्या ठोक्याला पर्स उचलते. परवा प्राचार्यांनी पाकीट माझ्याच हातात ठेवलं. "सूनबाईंना द्या. ट्रेनिंगचं आहे."

घरी पोचेपर्यंत माझ्या पोटात दुखत होतं. पाकीट नुसतं उघडून बघू म्हटलं आणि कुकरच्या वाफेवर धरलं. पहिल्या पानावर होतं: तीन दिवस, हॉटेलात मुक्काम, शेवटी प्रमाणपत्र. दुसरं पान वाचायला थांबतंय कोण?

घरी सांगितलं, बहीण आजारी आहे. कॉलेजात सांगितलं, मी आजारी आहे. ट्रेनिंगच्या हॉलवर सांगितलं, सून आजारी आहे, तिच्या जागी मी. (अख्खं घराणं अंथरुणाला खिळवलं.)

शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवात केली, "प्रत्येकानं सांगायचं, कामावरून मन कधी उडालं?"

"माझं नाही उडालं."

"आधी सगळे असंच म्हणतात, आजी."

शेजारच्यानं आपलं दुसरं पान पुढे सरकवलं. 'कामात लक्ष नसलेल्या कर्मचाऱ्यांची निष्ठा वाढवण्यासाठी.'

पण प्रमाणपत्र सोडून उठणारी मी नव्हे. मन उडाल्याचं सांगायचं ना? डुगडुगणारं स्टूल, बंद पंखा, पस्तीस वर्षांत न आलेलं पाकीट, सगळं सांगितलं. दीड तास. बाई लिहून घेत होत्या. मला वाटलं, कौतुकानं.

घरी आले तर सून चहा गाळत होती.

"मावशींची तब्येत कशी आहे, आई?"

"आता उठून बसते."

"हो ना. काल इथेच बसल्या होत्या. तासभर तुमची वाट पाहिली."

कॉलेजात प्राचार्यांपुढे बाईंचा अहवाल होता. "ग्रंथालयाची मला आजवर कधी काळजी नव्हती," एवढंच म्हणाले.

महिन्यानं सुनेनं एक पाकीट आणून दिलं. "सरांनी तुमच्यासाठी दिलंय."

या वेळी मी दोन्ही पानं वाचली. पहिल्या ट्रेनिंगनं फरक न पडलेल्यांसाठी, पाच दिवस.

पाकिटाची कड वाफेनं सुरकुतलेली होती.

"पाच साड्या इस्त्री करून ठेवल्यात, आई," आतून आवाज आला.