शालनआक्का वस्तू बघायला जातात

आपण दुकानात जातो, वस्तू घेतो आणि घरी येतो. आमच्या शेजारच्या शालनआक्कांचं तसं नाही. त्या वस्तू बघायला जातात. म्हणजे मुलगी बघायला जावं तशा. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, पिशवीत केळ्यांची फणी आणि सोबतीला एक पुरुषमाणूस. मी बँकेतून निवृत्त झालो त्याच आठवड्यात आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

"प्रकाश, आता तू मोकळाच हायस. उद्या विश्रामबागेत एक फ्रीज बघायला जायचंय."

तेव्हापासून तो सोबतीचा पुरुषमाणूस मी.

फ्रीज त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला हवा होता. विकणारं जोडपं तरुण होतं, नवऱ्याची बदली झाली होती. आक्का सोफ्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, गाव विचारलं, सासर-माहेर विचारलं. फ्रीजकडे ढुंकून बघितलं नाही. मग एकदम म्हणाल्या, "घरात भांडणं होत्यात का?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. "होतात की," नवरा म्हणाला, "म्हणजे सगळ्यांच्यात होतात तेवढी."

"मग दार कोण आपटतंय?"

बायकोनं मुकाट्यानं नवऱ्याकडे बोट केलं.

"तरीच." आक्का उठल्या आणि त्यांनी फ्रीजच्या दाराच्या रबरावरून बोट फिरवलं. "हे बदलावं लागंल. बाकी स्वभावानं बरा वाटतोय."

फ्रीज की नवरा, ते मला अजून कळलेलं नाही.

आक्का मूळच्या म्हसवडच्या, दुष्काळी माण तालुक्यातल्या. सांगलीत येऊन त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. लग्न केलं नाही. वर्गात त्या शुद्ध बोलत आणि शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की म्हसवडचं. निवृत्त झाल्यापासून शुद्ध भाषेचा प्रश्नच मिटला. त्यांच्या भूगोलात सगळ्या वस्तू पाण्याच्या असतात. एका लग्नात माझी नवी कोरी जीन्स बघून त्यांनी मला मांडवातच धरलं.

"कापूस पिकवायला पाणी. सूत रंगवायला पाणी. वर आणि धुवून धुवून जुनी दिसावी म्हणून पाणी! आमी म्हसवडला घागरी घिऊन टँकरच्या मागं पळत होतो, अन् तू तेच पाणी पायात घालून हिंडतोयस व्हय रं?"

पुढं अक्षता पडेपर्यंत मी खुर्चीच्या मागं पाय लपवून बसलो.

लोखंडाचंही तसंच. एक साधं कपाट घ्यायचं म्हटलं तरी आक्का त्याचा सगळा प्रवास सांगत. खाणीसाठी कुठला डोंगर फोडला, भट्टीत किती कोळसा जळला, ट्रकनं किती धूर सोडला. "एवढा त्रास एकदा झालाय न्हवं? मग त्ये कपाट अजून धडधाकट उभं असताना दुसरा डोंगर कशाला फोडायचा?"  आक्का उत्तराची वाट बघत नसत.

दुष्काळातून आलेल्या बाईला सांगलीनं पूर दाखवला. आमच्या गल्लीत पाणी आलं, आठवड्यानं ओसरलं आणि लोकांनी घरातलं सगळं रस्त्यावर आणून टाकलं. गाद्या, कपाटं, टेबलं, देव्हारे, ढिगावर ढीग. आक्का तोंडाला रुमाल बांधून, हातात काठी घेऊन त्या ढिगांमधून फिरायला लागल्या. "हे वाळंल. हे बी वाळंल. अरं, लाकूड हाय! भिजतंय, वाळतंय. माणूस न्हाई का भिजत?" लोक आधी वैतागले. मग एकेकानं आपली खुर्ची, आपला पाट गुपचूप परत आत नेला.

एका सकाळी त्या मला नदीकाठी घेऊन गेल्या. बाभळींच्या फांद्यांना पिशव्या, चपला, खेळणी, फाटके पडदे लटकले होते. जणू झाडांनाच कपडे घातलेले. आक्कांनी काठीनं एक चप्पल खाली पाडली. मग म्हणाल्या, "आपल्याला नको झालं म्हणून आपण नदीला दिलं. नदीनं परत केलं बघ. तिला बी नको हाय."

हे सांगताना त्या हसत नव्हत्या, आणि मलाही काही विनोद सुचला नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आक्कांच्या घरात आमच्यापैकी कुणीच कधी गेलं नव्हतं. गेलं तर त्या दारातच उभ्या राहत. "आत लय पसारा हाय," म्हणत आणि आपणच आमच्याकडे येऊन बसत. पसंत केलेल्या कितीतरी वस्तू पुढं कुणाकडे जातात हे मलाही माहीत नव्हतं. गल्लीचा अंदाज असा, की आत छतापर्यंत जुनी कपाटं रचलेली असणार आणि आक्का मधल्या बोळातून आडव्या होऊन चालत असणार.

मागच्या वर्षी आमची लेक केतकी पुण्याहून बाळंतपणाला आली. येण्याआधीच तिनं फोनवरून नव्या पाळण्याचे फोटो पाठवले होते. बॅटरीवर आपोआप हलणारा, गाणी म्हणणारा. सुनीतेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते कौतुकानं आक्कांना दाखवले आणि तिथं चूक झाली.

"मशीन झोका देणार, मशीन गाणं म्हणणार. मग आई काय करणार? फोनवर बसणार?" आक्कांनी डोळे मिटले. "अगं, माणूस जन्माला आल्यावर त्याच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागतंय. आजीच्या लुगड्याचं दुपटं, दुसऱ्याच्या पोराचं झबलं. मऊ असतंय म्हणून. नव्याची खळ टोचती बाळाला. पाळणा मी बघते."

केतकी आधी रुसली. मग दुपट्यासाठी आजीचं लुगडं पेटीतून काढलं, तेव्हा त्यावरून हात फिरवत बसली आणि म्हणाली, "बघू दे आक्कांना."

पहिला पाळणा सांगलीतल्याच एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे बघितला. पाळणा देखणा होता, पण त्यात इतकी वर्षं हळदीची पोती ठेवली होती. "ह्यात पोर घातलं तर रोजच हळद लागंल," म्हणून आक्कांनी नाकारला. दुसरा साताऱ्यात होता, एका निवृत्त सुभेदारांकडे. आम्ही माझ्या गाडीतून निघालो. गाडी माझी, म्हणजे आधी कराडच्या एका डॉक्टरांची. तीही आक्कांनीच बघितलेली.

सुभेदारांनी दार उघडलं. ताठ पाठ, पांढऱ्या मिशा. आक्का बसून प्रश्न विचारणार, एवढ्यात त्यांनीच सुरुवात केली.

"पाळणा कुठं टांगनार?"

"हॉलमध्ये. कडी आहे स्लॅबला," मी म्हणालो.

"वजन टाकून चेक केलीया?"

"नाही."

"मग आलाच कशाला?"

आक्कांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी बघितला नव्हता. जन्मात पहिल्यांदा त्यांना बरोबरीचं माणूस भेटलं होतं.

आतल्या खोलीत पाळण्यावर चादर होती. सुभेदारांनी ती ओढली. सागवानी पाळणा, कातीव दांडे, कोपऱ्यांना पितळी घुंगरं. त्यांनी एका दांड्यावर हात ठेवला, एक घुंगरू बोटानं पुसलं आणि चादर पुन्हा वर ओढली.

"माफ करा. देनार न्हाई. सूनबाईनं तिकडं परदेशात बसून फोनवर जाहिरात टाकली. मला वाटलं, जमंल. न्हाई जमत."

मी गाडीची किल्ली काढली. आक्कांनी मात्र तिथंच जमिनीवर बैठक मारली.

"बसा साहेब. पाळणा नका दिऊ. पण ह्यात कोण कोण झोपलं ते तर सांगा."

सुभेदार खाली बसले. पाळणा त्यांच्या सासऱ्यांनी करून घेतला होता. दोन्ही मुलं त्यातच वाढली. पण थोरल्याच्या वेळी ते सरहद्दीवर होते आणि धाकटीच्या वेळीही.

"सुट्टीवर आलो तवा थोरला दारात चालत आला. मला बघून रडाय लागला. नातवंडं तिकडंच झाली, तिकडंच वाढली." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "आमच्या घरचा पाळणा हाय, पन मी ह्याला कवा झोकाच दिलेला न्हाई, बाई. मंडळी बी देवाघरी गेली. आता रिकामा कुनासाठी हलवू?"

आक्का म्हणाल्या, "मग विकूच नका. आमच्याकडं नांदायला पाठवा. पोर मोठं झालं की आमी परत आणून पोचवतो. पण बारशाला तुमी यायचं आणि पहिला झोका तुमी द्यायचा. हाय का कबूल?"

सुभेदार माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. घरी न विचारता घेतलेला माझ्या आयुष्यातला हा बहुधा एकमेव निर्णय.

परत येताना पाळणा गाडीच्या टपावर बांधला होता. प्रत्येक खड्ड्याला घुंगरं वाजायची आणि मागच्या सीटवरून आक्का ओरडायच्या, "हळू रं! पोरगी सासरी निघालीया!"

केतकीला मुलगी झाली. बारशाला सुभेदार कडक इस्त्रीत हजर. आल्या आल्या त्यांनी स्टूल मागितलं, वर चढून कडीला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय उचलून लोंबकळले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. "ओके," म्हणून ते खाली उतरले. मग पाळणा टांगला, बाळाला त्यात ठेवलं, केतकीनं दोरी त्यांच्या हातात दिली आणि हसणं थांबलं. काच धरावी तशी त्यांनी ती दोरी धरली होती. झोका इतका हळू, की घुंगरू एकच वाजायचं. आत पानं वाढलेली होती, पुऱ्या गार होत होत्या. पण त्यांना उठा म्हणायला कुणी गेलं नाही.

हे सगळं आक्कांनी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. नंतर पाहतो तर त्या जेवायच्या आधीच गेल्या होत्या. सुनीतेनं ताट वाढलं आणि मी ते घेऊन त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. हाक मारली आणि ताट सांभाळत आत पाऊल टाकलं.

मला वाटलं, चोरी झाली. खोलीत एक कॉट, एक खुर्ची, भिंतीवर महाराष्ट्राचा जुना नकाशा. पलीकडे ओट्यावर एक पातेलं, ताट आणि वाटी. बाकी लख्ख फरशी.

"आक्का, सामान कुठंय?"

त्या कॉटवर बसल्या होत्या. "कसलं सामान?"

"इतकी वर्षं आपण बघायला जातोय ते!"

"ज्याला लागत हुतं त्याच्याकडं गेलं. मला एकटीला काय लागतंय?"

"मग पसारा आहे म्हणायचात ते?"

"रिकामं हाय म्हटलं असतं तर तू अन् सुनीता रोज तोंड पाडून डबे घिऊन आला असता." त्यांनी ताट मांडीवर घेतलं. गार पुरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात ठेवला. "पाण्याचं, नदीचं मी बोलते ते खरंच हाय, प्रकाश. त्यात खोटं न्हाई. पण बिनकामाच्या म्हातारीला कोण दार उघडतंय? वस्तू बघायला आलेय म्हटलं की लोक आत या म्हणत्यात, च्या टाकत्यात, भांडणं सांगत्यात, पोरं दाखवत्यात. मला घरं बघायला आवडत्यात रं. नांदती."

आणि मग त्या जेवल्या. बासुंदी जास्त गोड झाल्याचंही सांगितलं.

घरी येऊन मी सुनीतेला हे सांगितलं.  पाहुणे गेल्यावर दोन दिवसांनी तिनं भिंतीपलीकडे हाक दिली, "आक्का, आमच्या सासूबाईंचं शिवणयंत्र काढून टाकायचंय. बघायला येताय का?"

आक्का इस्त्रीची साडी नेसून आल्या. ऐसपैस बसल्या. यंत्र कुणी चालवलं, कुणाकुणाचे कपडे शिवले, सासूबाई रागीट होत्या का, सगळं विचारलं. सुनीतेनं, सासूबाई रागीट होत्या का हे जरा जास्तच सविस्तर सांगितलं. चहा दोनदा झाला. बाळ आक्कांच्या मांडीवर झोपून गेलं. उठताना त्यांनी यंत्राचं चाक एकदा फिरवलं आणि म्हणाल्या, "एवढ्यात काढू नका. अजून लय दिवस चालंल."

त्यानंतर त्यांनी आमचा मिक्सर बघितला, मग पाटा-वरवंटा, मग माझं लिहायचं टेबल. अजून आमची एकही वस्तू त्यांनी पसंत केलेली नाही. आम्हालाही घाई नाही.