तुळशीरामबाबांचा तवा

गावाचे तवे चुलीवर असतात. आमच्या शेजारच्या तुळशीरामबाबांचा तवा उंच बांबूच्या टोकाला टांगलेला असतो. पाठीला जवसाचं तेल फासून. दिवस मावळताना बाबा तो उतरवतात, काळ्या पाठीवर बोट फिरवतात आणि वाऱ्यात फुलांची धूळ किती, ते गल्लीला ओरडून सांगतात. बोट काळंच निघालं, तर "वारा धुतला!" जरासं पिवळट, तर "नखाले लागली." आणि अख्खं बोट पिवळं झालं, की "आज भंडारा उधळला, बाप्पा!"

हे वेड बाबांच्या बायकोपायी, आमच्या काकूंपायी. ज्वारी फुलोऱ्यात आली, की काकूंना धाप लागायची. शेवटी भावानं त्यांना माहेरी, अकोल्याला नेलं. "वारा साफ झाला का निरोप धाडतो," म्हणत बाबा शिवेपर्यंत गाडीमागं चालले होते.

मग कापसाला सोन्याचा भाव आला. विलायतेच्या गिरण्या उपाशी, म्हणून आम्ही ज्वारी मोडून सरकी पेरली! माणसांनी काय बोंडं खायची? मी पत्रकं काढली, अमरावतीच्या बाजारात वाटली, शिव्या खाल्ल्या. आणि त्या वर्षी बाबांचा तवा रोज कोरा उतरू लागला. मला आयता पुरावा मिळाला.

"बाबा, तवा घेऊन बाजारात चला. शिवारात ज्वारी उरली नाही, हे दाखवू लोकांना!"

"येडा झाला का बे? म्या तं नारळ फोडला! कापसाची धूळ फुलातच चिकटून रायते, उडत नाई. आता तुही काकू येईन."

"आणि खाईल काय?"

"पयले येऊ तं दे!"

अकोल्याला कापूस नेणाऱ्या गाडीवानाजवळ त्यांनी निरोप दिला. अंगण सारवून घेतलं. गाडीवान परतला, तेव्हा मी ओसरीवरच होतो. तो बाबांकडे न बघता म्हणाला, "बाई म्हणे, तवा कोरा असो नाईतं पिवळा, माहा जीव अठी रमला. वाट नोका पाहू."

बाबा म्हणाले, "पानी पेतं का, गड्या?"

पुढच्या दसऱ्याला आरोळी आली, "भंडारा उधळला, बाप्पा!" मी हरखलो. माझं पत्रक कुणाला तरी पटलं! शेत कुणाचं, हे विचारायला बाबांच्या परसात शिरलो. बांबूच्या बुडाशी ज्वारीची एकच ओळ फुलोऱ्यात उभी होती, आणि बाबा एकेक कणीस वाकवून तव्यावर झटकत होते.

कुंपणापलीकडून शेजारणीनं विचारलं, "बाबा, काकू कवा येते?"

बाबांनी पिवळं बोट उंच धरलं. "कशी येईन, माय? पाह्य न, वारा कसा हाय!"