पाच नंबरच्या टेबलावरचा कंदील

उत्तर न दिलेलं पत्र घरात जेवढी जागा अडवतं, तेवढी लोखंडी कपाटही अडवत नाही. कपाटाला निदान वळसा घालून जाता येतं. उंग सेक-फाय यांच्या घरी असं एक पत्र होड्यांच्या सणानंतरच्या सोमवारी आलं आणि पुढचे बारा आठवडे जेवणाच्या मेजावर सोया सॉसच्या बाटलीखाली राहिलं. फायकाका रोज बाटली उचलत, पत्र वाचत आणि बाटली पुन्हा जागेवर ठेवत. या कामात त्यांनी एकही खाडा केला नाही.

पत्र मोक लान-यिंग या बाईंचं होतं. बदामाच्या बिस्किटांच्या दुकानात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. फायकाका मकाऊच्या ज्या वाचनालयात नोकरीला होते, तिथे या बाई एकवीस वर्षं दर शनिवारी दोन पुस्तकं परत करत आणि दोन नेत. उशिराचा दंड एकदाही नाही. पत्रात लिहिलं होतं: "उंग सर, मुलगी मला कायमची टोरांटोला बोलावते आहे. मध्य-शरदाच्या सणापर्यंत तिला सांगायचं आहे. तुम्ही राहा म्हणालात तर मी राहीन. नाही तर जाईन. कशाचाच राग मानणार नाही. एका शब्दात कळवलंत तरी चालेल."

एका शब्दात कळवणं हीच तर अडचण होती. चौतीस वर्षं फायकाकांनी लोकांना पुस्तकं सुचवली, ती "हे तुम्हाला आवडेलसं वाटतं, पण माझं फारसं मनावर घेऊ नका" अशा शब्दांत.

दोनांतलं एक निवडायचं असलं की बाहेरगावचा माणूस वडीलधाऱ्यांना विचारतो, देवाला कौल लावतो किंवा वकील गाठतो. आम्ही मकाऊचे लोक बॅकाराकडे जातो. बॅकारा हे दोनांतलं एक निवडण्याचं शास्त्र आहे आणि इतर शास्त्रांपेक्षा ते वरचढ आहे, कारण त्यात अभ्यासकाला काहीही करावं लागत नाही. टेबलावर दोन बाजू असतात. एकीला बँकर म्हणतात, दुसरीला प्लेअर. दोन्हींचा खेळणाऱ्याशी काही संबंध नसतो. प्रत्येक बाजूला दोन-दोन पत्ते पडतात. एक्क्याचा एक, दश्शी आणि चित्रांचं शून्य, बाकीच्यांचं जे असेल ते. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली की दहा सोडून द्यायचे. नवाच्या जवळ जी बाजू, ती जिंकली. तिसरा पत्ता कधी घ्यायचा याचे नियम केव्हाच ठरलेले आहेत आणि त्यांत कोणाचं मत विचारत नाहीत. शंभरात सुमारे सेहेचाळीस वेळा बँकर येतो, पंचेचाळीस वेळा प्लेअर आणि उरलेल्या वेळी बरोबरी. बँकर किंचित जास्त येतो म्हणून त्याच्या जिंकण्यातून शेकडा पाच कापून घेतात. हे सगळं न्याय्य आहे आणि माणूस यात फार हळू हरतो. हळू हरण्याला आमच्याकडे अनुभव म्हणतात.

तरीही फायकाकांनी सत्तरी गाठेपर्यंत कधी पत्त्याला हात लावला नव्हता. दोष त्यांचा नव्हता. आमच्या भाषेत पुस्तक आणि हरणं हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात, म्हणून पुस्तकाचा माणूस टेबलाजवळ आला की हार ठरलेली, असा आमचा पक्का समज आहे. वाचनालयाचा शिक्का बोटावर घेऊन कसिनोत शिरलेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, हे ज्याने पाहिलं आहे तो दुसऱ्यांदा शिरत नाही.

हा अन्याय शेवटी इंटरनेटने दूर केला. (ही सोय मकाऊच्या कायद्यात बसत नाही, म्हणून ती समुद्रापलीकडून येते.) ऑनलाइन कसिनोत खेळणाऱ्याचं पुस्तकांचं कपाट कोणाला दिसत नाही. खालच्या मजल्यावरचे तोउ केओंग सव्वीस वर्षं खऱ्या कसिनोत पत्ते वाटून निवृत्त झाले होते. त्यांनी स्वतः वर येऊन फायकाकांच्या टॅबलेटवर खातं उघडून दिलं. कारण त्यांना सांगितलं नव्हतं. आमच्याकडे कोणी कारण विचारत नाही.

"टेबल कुठलं घेऊ?" फायकाकांनी विचारलं.

"पाच नंबर."

"तिसऱ्यानंतर लगेच पाचवं?"

"चौथं कोण ठेवेल? चार म्हटलं की मरण ऐकू येतं. मरायला बसतोय का आपण? आणि हे बघ, पडद्यावर पत्ते वाटणारी ती मुलगी पत्ता कोपऱ्यातून हळूहळू उचलते ना, तेव्हा फुंकर मारायची. जोरात."

"ती तर समुद्रापलीकडे आहे, केओंग."

"म्हणून तर जोरात म्हटलं!"

फायकाकांनी फुंकर मारली. चष्म्यावर वाफ धरली आणि पत्ता कुठला निघाला ते दिसलंच नाही.

मग केओंगनी मार्ग काढायला शिकवलं. मार्ग म्हणजे झालेल्या डावांचा तक्ता. बँकरला लाल गोल, प्लेअरला निळा, बरोबरीला हिरवी रेघ. एकाच रंगाची रांग खाली उतरत गेली की तिला ड्रॅगन म्हणतात आणि ड्रॅगनच्या आड कोणी येत नाही. झालेल्या डावांचा पुढच्या डावाशी काहीही संबंध नसतो, हे गणितज्ञांनी सिद्ध केलं आहे. म्हणूनच तक्ता इतक्या काळजीने ठेवावा लागतो. फायकाकांनी आयुष्यभर कार्डांवर नोंदी केल्या होत्या. त्यांचा तक्ता पाहून केओंगना भरून आलं. "अरे, कसिनोत असतास तर लोकांनी फ्रेम करून लावला असता रे हा," ते म्हणाले.

काकांची योजना साधी होती. लाल म्हणजे राहा, निळा म्हणजे जा. वीस पटाका, म्हणजे आमच्याकडचं चलन, लावायचे आणि निकाल येईल तो शब्द कागदावर लिहायचा. पहिल्या दिवशी लाल आला. फायकाकांनी लेखणी उचलली आणि खाली ठेवली. बँकर मुळातच किंचित जास्त येतो. म्हणजे आपण नकळत "राहा"ला झुकतं माप दिलं. हे सभ्यपणाचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजू बदलल्या. पुन्हा लाल आला. आता त्याचा अर्थ "जा" होत होता. तो त्यांना अपुरा पुरावा वाटला. तिसऱ्या दिवशी बरोबरी झाली. बरोबरीवर आठपट मिळतं, पण पत्रात लिहायला काही मिळत नाही.

मग त्यांनी पद्धत बदलली. आधी आपला अंदाज बरोबर येतो की नाही ते तपासायचं आणि मगच त्या अंदाजावर भरवसा ठेवून पत्र लिहायचं. हे कोणत्याही संशोधकाला शोभणारं होतं. त्यांनी त्र्याहत्तर डाव लावले, तेही मार्ग बघून, विचार करून आणि फुंकर मारून. त्यांतले एकसष्ट हरले.

एवढं हरणं अशक्य मानतात. डोळे मिटून लावलं तरी निम्म्याच्या आसपास येतं. पण फायकाकांनी डोळे उघडे ठेवले होते.

ऑनलाइन टेबलावर कोणी कुठे लावलं ते सगळ्यांना दिसतं आणि बाजूला गप्पांची पट्टी चालू असते. चाळिसाव्या डावाच्या सुमारास त्या पट्टीत हालचाल सुरू झाली.

"हा पुस्तककाका कोण आहे?" (फायकाकांनी खात्याला हेच नाव दिलं होतं. त्यांना ते नम्र वाटलं होतं.)

"अरे कंदील आहे, कंदील! त्याच्या उलट लाव!"

"काका, लाल की निळा? लवकर बोला, बायको जेवायला बोलावतेय!"

"काका, तुमच्यामुळे फ्रिज आला. शंभर वर्षं जगा आणि असेच हरा."

कंदील म्हणजे कोण, हे केओंगनी समजावून सांगितलं. प्रत्येक टेबलाला नशिबाने कधीतरी एक असा माणूस लाभतो की तो लावेल ती बाजू हरते. लोक त्याच्या उलट लावतात आणि सुखाने घरी जातात. खऱ्या कसिनोत अशा माणसाला चहा पाजतात, खुर्ची पुसून देतात, खोकला झाला तर औषध आणून देतात. समाजाला इतका सरळ उपयोग असणारी माणसं थोडी. पाचव्या टेबलावर आता रोज चारशे लोक फायकाकांची वाट पाहत होते. वाचनालयात इतकी गर्दी त्यांनी कधी पाहिली नव्हती.

सणाला सहा दिवस उरले तेव्हा फायकाकांनी सोया सॉसची बाटली उचलली आणि पत्र केओंगच्या हातात दिलं. केओंगनी ते दोनदा वाचलं.

"बारा आठवडे? बाईमाणसाला बारा आठवडे ताटकळत ठेवलंस? लाज आहे का रे तुला?"

"अंदाज तपासत होतो."

"मग तपासलास ना! सोपं आहे. तुला काय वाटतं?"

"ती गेली तर तिचं भलं होईल. मुलगी आहे, नातवंडं आहेत. इथे मी काय..."

"म्हणजे तू 'जा'वर लावलंस. तू कंदील. तेव्हा उलट. 'राहा' लिही."

फायकाकांनी लेखणी उचलली आणि थांबले. "पण केओंग, आता मी 'राहा'वर लावतोय."

"हां... मग 'जा'."

"म्हणजे मी 'जा'वर..."

"गप्प बस!" केओंगनी कपाळाला हात लावला. पत्ते वाटायच्या सव्वीस वर्षांत हा पेच त्यांच्यासमोर आला नव्हता. पंख्याकडे बघत ते म्हणाले, "कंदिलाला स्वतःच्या विरुद्ध लावता येत नाही. उजेड दुसऱ्यासाठी असतो. तू आपली बाजू लाव आणि बाजूला हो. उलट लावायचं की नाही ते समोरचा बघेल."

"समोरची," फायकाका म्हणाले.

"तेच ते. आणि ते भलंबिलं सोड. ते तिचं ती बघेल. तुला काय हवंय ते विचारतोय मी."

फायकाकांची नजर भिंतीवर गेली. आठवड्यातला शनिवार हा एकच वार त्यांनी गेल्या पाच वर्षांत, निवृत्तीनंतर, रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरवरून कधी फाडला नव्हता. ती पानंच्या पानं साठली होती आणि केओंगना ती दिसत होती.

त्या दुपारी उत्तर लिहून झालं. त्यातला मजकूर असा: "मोक बाई, तुम्ही राहावं असं मला वाटतं. या मताची किंमत तुम्हाला ठरवता यावी म्हणून माझ्या मागच्या त्र्याहत्तर मतांचा तक्ता सोबत जोडला आहे. त्यांतली एकसष्ट चुकली. तरी ही चौऱ्याहत्तरावी वेळ, आणि या वेळी मी मार्ग बघितला नाही. उशिराबद्दल जो दंड होईल तो भरीन. उंग सेक-फाय."

केओंग पोस्टाच्या लाल पेटीपर्यंत सोबत गेले. फायकाका एकटे गेले तर पत्र न टाकताच परत येतील याची त्यांना खात्री होती. फायकाकांनी लिफाफा पेटीच्या तोंडाशी धरला आणि तसाच धरून ठेवला.

इथे वाचकाने स्वतःशी प्रामाणिक राहावं. पत्राची हकीकत कळली तेव्हाच त्याने मनातल्या मनात "राहा"वर लावलं होतं आणि आत्ताही तो "टाका हो काका, टाका" म्हणतो आहे. फायकाका कोण आहेत हे त्याला माहीत आहे. तक्ता त्याने पाहिला आहे. पाचव्या टेबलावरच्या चारशे लोकांपैकी एकानेही ही बाजू घेतली नसती. सगळं माहीत असून कंदिलाच्या बाजूने लावणाऱ्याला गप्पांच्या पट्टीत जे म्हणतात ते इथे छापता येणार नाही. कसिनोवाले मात्र त्याला सन्माननीय सदस्य म्हणतात, त्याचा वाढदिवस लक्षात ठेवतात आणि त्याच्याच जिवावर नवे मजले बांधतात.

सन्माननीय सदस्यहो, काकांनी हात सोडला. पत्र पेटीत पडलं.