औटरला उभा दरवाजा

दसारामजींच्या घरी जायचं तर बाहेर उभं राहून आधी ओरडावं लागे, "गाडी आली!" आतून उत्तर येई, "लाइन क्लियर!" आणि अख्खा दरवाजा बाजूला सरकू लागे. बहुतेक वेळा तो अर्ध्यातच अडके. मग फटीतून दसारामजींचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसे. "थांबा गुरुजी, गाडी औटर सिग्नलले उभी आहे!"

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. गोंदियाच्या आमच्या मोहल्ल्यात दसारामजी माझ्या अगदी समोर राहत. रेल्वेत मिस्त्री होते. मोडीत निघालेल्या डब्याचा सागवानी दरवाजा त्यांनी लिलावात घेतला, उंबऱ्यात लोखंडी खाच गाडली आणि तिच्यात दरवाजाची चाकं बसवली. खाचेला ते ऐटीत 'रूळ' म्हणत. जवळच्या नागऱ्याच्या जत्रेहून परतणारी माणसंसुद्धा तो दरवाजा बघायला आमच्या गल्लीत वळत. मी पंधरा वर्षं शाळेत मास्तर, पण पाहुण्यांना माझं घर सांगताना म्हणावं लागे, "सरकत्या दरवाजाच्या समोरचं." मी जळत होतो, दुसरं काही नाही.

त्यात आमची ही. "पाहा जी त्यायचा दरवाजा! आपला उघडाले मले खांदा लावा लागते."

"त्यांचा रोज अडकतो," मी म्हणायचो.

आणि खरंच रोज अडकायचा. सकाळी दसारामजी उकिडवे बसून खिळ्यानं रूळ खरडत, मेण घासत, मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल सोडत. मी समोर लिंबाच्या काडीनं दातून करत ते बघे. दिवस चांगला जाई.

एका सुट्टीच्या सकाळी मला कारण सापडलं. त्यांच्या पत्नी पार्बताबाई सारवत सारवत उंबऱ्याशी आल्या आणि शेणाचा हात रुळावरूनही तसाच फिरवून गेल्या. रूळ बुजला. वाळल्यावर चाक सरकणार कसं? मला इतका आनंद झाला की मी दातून टाकून रस्ता ओलांडला.

"दसारामजी, मिस्त्री म्हणवता आणि एवढं कळेना? तुमच्या घरातूनच रोज रूळ बुजतो! सांगा की त्यांना!"

त्यांनी माझा दंड धरला आणि मला गल्लीच्या टोकाला नेलं.

"हळू बोला, गुरुजी. मले माहीत आहे. तिले आता दिसत नाई. जुनं दार अर्धं उघडं राहे, दोनदा कपाळ फुटलं तिचं. म्हणून हा सरकता बसवला, मधात येत नाई."

"मग सारवू कशाला देता?"

"घर तिच्या हातचं आहे जी. रूळ भरते म्हणून सांगतलं, त शेनाले हातच नाई लावनार. मंग दिवसभर काय करल? खिळ्याचं काम आहे. मी करून राहिलो न!"

आम्ही परत दाराशी आलो, तशी आतून पार्बताबाईंची हाक आली, "कोन आलं जी?"

"गुरुजी! दरवाजा मस्त चालते म्हणून राहिले!"

दरवाजाचा हेवा तिथंच संपला. त्या माणसाचा सुरू झाला, तो अजून गेलेला नाही.

घरी आलो, तर ही आतून खांदा लावून दार ढकलत होती. बिजागरी करकरत होती. मी तसाच परत फिरलो आणि दसारामजींकडून वाटीभर टोरीचं तेल मागून आणलं.

मी बिजागरीशी बसलेला बघून ही ओल्या हातानं तशीच थांबली. कधी नव्हे ते घाबरल्यासारखी दिसली.

"काऊन जी? कोनी मोठे पाहुने येऊन राहिले काय?"