उणे सत्तर मिलिव्होल्ट आणि आंबोळीचे पीठ

अंडरव्होल्टिंग हा शब्द मी प्रथम ऐकला तो रविवार, ११ जानेवारी २०२६ रोजी, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील गॅलरीत, राजरत्नच्या तोंडून. (‘सुमारास’ म्हणण्याचे कारण, आमचे घड्याळ पुढे असते, चार मिनिटे की पाच, याबद्दल बाबांचे आणि माझे मतभेद आहेत.) राजरत्न माझा शाळेपासूनचा मित्र. तो एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो आणि माझा कॉम्प्युटरही त्यानेच जोडून दिला होता. म्हणून त्याचा शब्द मी प्रमाण मानला. ही माझी पहिली चूक नव्हे. पहिली चूक त्याआधीच झाली होती, फक्त ती मला कळायची होती.

माझी तक्रार अशी होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी पीएच.डी.ला लागलो आणि नोव्हेंबरात फेलोशिपच्या बळावर चोवीस कोरचा प्रोसेसर घेतला. रात्री आकडेमोड लावून द्यायची, गॅलरीत जाऊन झोपायचे आणि सकाळी उठून उत्तर घ्यायचे, असा शिरस्ता होता. डिसेंबरपासून मात्र हा प्रोसेसर रात्री अठ्ठ्याण्णव अंशांपर्यंत तापू लागला. इतका तापला की तो जीव वाचवण्यासाठी स्वतःचा वेग कमी करतो, आणि सकाळी माझ्या हाती अर्धवट उत्तर येते. नवल म्हणजे, हीच आकडेमोड दिवसा लावली तर तापमान अठ्ठ्याहत्तरच्या वर जात नसे.

मी वहीत रोजच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून निष्कर्ष निघाला की मुंबईत थंडी जसजशी वाढते, तसतसा माझा प्रोसेसर अधिक तापतो. आलेखावरची रेषा इतकी देखणी आली की ती मी माझ्या मार्गदर्शकांना दाखवण्याच्या बेतात होतो. (दाखवली नाही, हे माझे नशीब.)

“अंडरव्होल्ट कर रे,” राजरत्न म्हणाला. “कंपनी प्रत्येक चिपला जरा जास्तच व्होल्टेज देऊन ठेवते. सेफ्टीसाठी. तुझ्या चिपला तेवढं लागत नसेल. कमी कर. काम तेवढंच, गरमी कमी.”

“आणि कमी पडलं तर?”

“हँग होईल. मरणार नाही. घाबरतोस काय?”

“मी घाबरत नाही. मी सावध आहे.”

“तेच ते. दहा-दहा मिलिव्होल्टने उतर.”

मी दहा-दहानेच उतरलो. प्रत्येक पायरीला अर्धा तास प्रोसेसरला घाम फोडणारी चाचणी, मग नोंद, मग पुढची पायरी. काही दिवस उणे तीसवरच मुक्काम केला, कारण घाई करण्याचे कारण दिसत नव्हते. बाबा माझगावच्या गोदीत फिटर आहेत. ते कामावरून आले की चपला काढता काढता विचारत, “काय, उपास सुटला का मशीनचा?” चाचणी चालू असताना मी बोलत नाही.

या सर्व काळात आईची निराळी धावपळ चालू होती. पंचवीस जानेवारीच्या रविवारी लालबागच्या एका मैदानात महिला बचत गटांची खाद्यजत्रा होती आणि आईला आयुष्यात पहिल्यांदा स्टॉल मिळाला होता: आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांची उसळ. गटाच्या प्रमुख शेवंतीकाकू, आमच्या शेजारच्याच खोलीतल्या. त्यांनी स्पष्ट सांगितले होते की रविवार नीट पार पडला तर गटाच्या कायमच्या स्वयंपाकिणींत आईचे नाव लागेल, नाहीतर माजघरातल्या आंबोळ्या माजघरातच बऱ्या. (आमच्याकडे माजघर नाही. एक खोली आणि तिच्या कोपऱ्यात मोरी आहे. पण टोमणा समजला.) आईने फळासुद्धा रंगवून आणला: ‘शैलाताईंच्या आंबोळ्या. सोडा अजिबात नाही.’ आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून ती रोज सरावाला आंबोळ्या करू लागली. आम्ही सकाळ-संध्याकाळ आंबोळ्या खात होतो.

आईला माझ्या प्रयोगात अचानक रस वाटू लागला, याचे मला कौतुक वाटले होते.

“आज किती रे?” ती विचारी.

“ब्याऐंशी.”

“एवढं थंड करायची काय गरज आहे? आधीच थंडीचे दिवस.”

मी तिला उष्णतेमुळे चिपचे आयुष्य कसे घटते ते सोप्या भाषेत समजावून सांगितले. ते ऐकून ती म्हणाली, “आणि पीठ पण परवापासून जरा आळसावलंय.” हे वाक्य मी वहीत नोंदवले नाही. विषयांतर वाटले.

उणे शंभरवर मशीन दोनदा हँग झाले. मी उणे ऐंशीवर आलो आणि सावधगिरी म्हणून उणे सत्तरवर स्थिरावलो. शनिवारी आकडेमोड लावली. रविवारी, पंचवीस तारखेला, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी पाहतो तो रात्रीचे कमाल तापमान चौऱ्याहत्तर, आणि उत्तर संपूर्ण!

“आई, थंड झालं!” मी ओरडलो.

“दिसतंय मला,” आई म्हणाली. ती मोरीजवळ बसली होती. पुढ्यात तीन मोठी पातेली. एकात तिने पळी बुडवून वर उचलली. पीठ पळीवरून पाण्यासारखे ओघळले. एक बुडबुडा नव्हता.

बाबा तोंडात ब्रश धरून उभे होते. “कुणाचं काय थंड झालं?”

“दोघांचंही,” आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

मी विचारले की पातेली रात्री कुठे ठेवली होती. आईने बोट दाखवले. माझा कॉम्प्युटर कॉट आणि लोखंडी कपाट यांच्या मध्ये, जमिनीवर असतो. त्याच्या मागे, भिंतीपर्यंत, हात-दीड हाताची पोकळी आहे. खुर्चीवरून ती दिसत नाही; मोरीच्या बाजूने मात्र सहज हात जातो. बाबांनी कपाट जरा सरकवले. त्या पोकळीत एक गोधडी, तिच्यावर माझा आठवीतला शाळेचा स्वेटर, आणि पातेल्यांच्या बुडांची तीन वर्तुळे. कॉम्प्युटरची गरम हवा बाहेर टाकणारा पंखा थेट त्या स्वेटरच्या काखेत उघडत होता.

“हे कधीपासून?” मी विचारले.

“मशीन आलं त्याच्या पुढच्या शनिवारपासून. एका रात्रीत पीठ असं फुगायचं, मनू, गावाला चुलीशेजारी फुगायचं नाही तसं. आधी शनिवारचंच ठेवायचे. थंडी पडली तशी बुधवारी पण. आणि आता सरावाला रोज.”

मी वही उघडली. शनिवार. शनिवार. बुधवार, शनिवार. मग रोज. माझ्या देखण्या रेषेवरचा एकेक बिंदू म्हणजे आमची एकेक न्याहारी होती.

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“तू नाही म्हणाला असतास.”

हे विधान बिनचूक होते.

बाबांनी चूळ भरली. “इंजिन तापलं तर आमच्यात पहिलं काय बघतात, माहितीय? हवा जायची वाट मोकळी आहे का. तू चौदा दिवस त्याचं जेवण तोडत बसलास.”

तेवढ्यात शेवंतीकाकू दारात आल्या, वाकल्या, आणि कपाळाला हात लावला. “अगो शैला, पीठ फुगूक नाय गो! पाच वाजता जत्रा. चिमटीभर सोडा घाल नि मोकळी हो.”

“माझ्या पिठात सोडा पडायचा नाही,” आई उठून उभी राहिली. “फळ्यावर काय लिहिलंय?”

“फळो खातली लोका?”

आई माझ्याकडे वळली. “मनू, तापव.”

मी तिला सांगितले की उणे सत्तरवरून मूळ व्होल्टेजवर शास्त्रशुद्ध रीतीने यायचे तर सात पायऱ्या, प्रत्येकी अर्धा तास, अधिक नोंदी –

“मनू. एकदम.”

राजरत्नला फोन केला. तो लुंगीवरच धावत आला, सगळे ऐकून घेतले आणि भिंतीला टेकून हसत राहिला. “डिफॉल्ट मार ना भाई. एक बटण आहे.” एक बटण होते. माझी चौदा दिवसांची तपश्चर्या त्याने चार सेकंदांत उलटवली. मग चोवीसही कोर कामाला लागतील अशी माझ्या प्रबंधातली सर्वांत अवजड आकडेमोड मी लावली. बाबांनी खोका कापून पंख्यापासून पातेल्यांपर्यंत पुठ्ठ्याचा बोगदा केला, सांधे चिकटपट्टीने बंद केले आणि तळहात धरून तपासले. गोधडी आणि स्वेटर पुन्हा रुजू झाले. सात वाजून पाच मिनिटांनी प्रोसेसर सत्त्याण्णव अंशांवर होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या आकड्याकडे आशेने पाहत होतो.

नऊ वाजता पिठाचे तापमान एकतीस अंश. (माझ्या तापाचा थर्मामीटर तिथपर्यंत उतरत नाही, राजरत्नकडच्या माशांच्या टाकीतला आणला.) अकरा वाजता बत्तीस, बुडबुडे नाहीत. बाराला आई नारळ फोडायला बसली आणि तिने लागोपाठ तीन फोडले. साडेबाराला पृष्ठभागावर दोन बुडबुडे. मी ते मोजले, राजरत्नने दुजोरा दिला, बाबांनी एकच मान्य केला.

एक वाजून दहा मिनिटांनी आई आणि बाबा शेगडी व फळा टॅक्सीत चढवायला खाली गेले, आणि उसळीची परात उचलायला त्यांना मी आणि राजरत्न लागलो. पिठापाशी शेवंतीकाकू थांबल्या. “जावा रे, मी बघतंय,” असे त्या म्हणाल्या. आम्ही पंधरा मिनिटांनी वर आलो.

अडीच वाजता तिन्ही पातेल्यांतले पीठ काठाला लागले होते. आईने पळी बुडवली. पळी उभी राहिली. बाबांनी चष्मा पुसला, पीठ पाहिले, मला पाहिले. “चला. तुझ्या अभ्यासातून पहिल्यांदा काहीतरी वर आलं.”

जत्रेत आईच्या आंबोळ्या सव्वाआठला संपल्या. एका बाईंनी फळा वाचून मुद्दाम विचारले, “खरंच सोडा नाही?” आई छाती पुढे काढून म्हणाली, “माझ्या मुलाने कॉम्प्युटरवर आंबवलंय.” बाईंनी आणखी दोन मागितल्या. शेवंतीकाकूंनी तिथल्या तिथे गटाच्या यादीत आईचे नाव लिहिले. प्रोसेसर तेव्हापासून मूळ व्होल्टेजवरच आहे. प्रबंध रात्री अठ्ठ्याण्णव अंशांवर अडतो आणि दिवसा पुढे सरकतो.

एका बाबीची खातरजमा मात्र मला कधीच करता आलेली नाही: एक वाजून दहा ते एक पंचवीस या काळात त्या खोलीत नेमके काय घडले? ज्या पिठाने सहा तासांत दोन बुडबुडे दिले (बाबांच्या मते एक), ते पुढच्या दोन तासांत काठाला कसे लागले? मी पुढच्या शनिवारी तुलनेसाठी एक वाटी पीठ पंख्यामागे आणि एक वाटी कपाटावर ठेवली. सकाळी आईने दोन्ही एकाच पातेल्यात ओतून आंबोळ्या केल्या होत्या. (“दोन वाट्या कशाला विसळायच्या?”) शेवटी धीर करून मी शेवंतीकाकूंनाच गॅलरीत गाठले आणि सोडा घातला होता का, असे सरळ विचारले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, “तुजो शिकपाचो विषय काय रे?”

“कार्यकारणसंबंध, काकू. म्हणजे कशामुळे काय झालं, ते सिद्ध करायचं.”

“मगे शोध,” त्या म्हणाल्या, आणि सुपातले तांदूळ पाखडू लागल्या.