लेसिएलीआत्या आणि कण्हणारं चाक

"बेअरिंग गेलंय. डावं पुढचं," फेलेतीनं शनिवारी सकाळी निकाल देऊन टाकला.

दोन दिवस त्याची म्हातारी पिकअप जात्यासारखी घरघरत होती. दाणा नाही, पीठ नाही, नुसतं दळण! वेग वाढला की सूर चढे, डावीकडे वळली की हंबरडा. उद्या गावातली गाणारी मंडळी हौद्यात बसवून बेटाच्या त्या टोकाच्या चर्चला न्यायची होती. वीस वर्षं हा मान फेलेतीच्या गाडीचा. टोंगा बेटांवर रविवार देवाचा, त्या दिवशी पान्याला कुणी शिवत नाही; तेव्हा आज जमलं नाही, तर मान शेजारच्या कालाफीच्या गाडीला. कालाफी कुंपणाला टेकून शहाळं पीत उभाच होता.

"डावंच कशावरून रे?" त्यानं तिथूनच विचारलं.

"डावीकडे वळलं की ओरडतं. मग काय उजवं ओरडेल? कान आहेत मला!"

अख्ख्या बेटावर मिळालेलं एकुलतं एक नवं बेअरिंग घेऊन त्यानं डावं चाक उघडलं. आतलं जुनं मोत्यासारखं लखलखीत! दुसरा कुणी तिथंच थांबला असता. पण समोर कालाफी होता.

"बघ, कसं झिजलंय!" म्हणत फेलेतीनं मोती घाईघाईनं फडक्यात गुंडाळला आणि नवं बसवलं.

चक्कर मारायला शेजारी लेसिएलीआत्या बसली. वडिलांची थोरली बहीण. तिच्यापुढं घरात कुणाचा शब्द चालत नसे, आणि तिच्या देहापुढं सीटच्या स्प्रिंगांचा. पहिल्याच डाव्या वळणाला गाडीनं हंबरडा फोडला.

"उजवं गेलंय," आत्या म्हणाली.

"आत्या, अहो, तुम्हाला यातलं काय—"

"डावीकडे वळलास की मी कुठं जाते?"

"माझ्या अंगावर."

"आणि तू?"

"दाराला चिकटतो."

"मग कण्हतं कोण?"

"मी."

"भार पडतो तो कण्हतो, बाळा. डाव्या वळणाला भार उजव्या चाकावर. वीस वर्षं घसरतेय मी या गाडीत!"

फेलेतीनं उजवं चाक जॅकवर उचललं. वरखाली हलवलं, तर खुळखुळलं. फिरवलं, तर वाळू चावल्यासारखं करकरलं. डाव्यातलं नवं काढून उजव्यात गेलं, आणि फडक्यातला मोती मुकाट आपल्या घरी परतला. सूर्य टेकायच्या आत गाडी गप्प झाली.

रविवारी गाडी अशी धावली, की हौद्यातला प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू आला.

गाणं संपल्यावर कालाफी आपल्या गाडीतून उतरून, कुणी पाहत नाहीसं बघून जवळ आला. "फेलेती, खरं सांग. दोष कुणी हुडकला?"

फेलेतीनं घसा खाकरला. खोटं ओठांपर्यंत आलं होतं. पण शेजारी आत्या पंख्यानं वारा घेत बसलेली पाहिली, आणि त्याची छाती आपोआप फुगली.

"आमच्या आत्यानं! नुसतं बसून!"

"मग... आमची गाडीही जरा गुणगुणतेय. आत्या बघतील?"

"आज रविवार. कामाला हात लावायची नाही मी," आत्या उठत म्हणाली. "नुसती बसेन."

हां हां म्हणता कालाफीच्या गाडीमागं आणखी दोन पिकअप येऊन उभ्या राहिल्या. फेलेतीनं अदबीनं दार उघडून आत्याला चढवलं आणि मागच्यांना दटावलं,

"ए, रांगेनं या! आत्या आमची आहे."