हात खाली, नवरदेव

मदारचाचा पिंजाऱ्याकडे शेरवानी मागायला गेलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आमाला बसवणार कुठं?" आमाला म्हणजे त्याला आणि शेरवानीला. शेरवानी नवरदेवाच्या अंगावर, तेव्हा ती कुठे बसणार हे उघडच होतं. राहिला चाचा. त्याला नवरदेवाजवळ अशी जागा लागायची की तिथून नवरदेवाच्या दोन्ही काखा दिसल्या पाहिजेत. ही अट मान्य असेल तर पेटी उघडायची, नाहीतर "आज तिची तबियत बराबर न्हाई" असं सांगून तो पुन्हा कापूस पिंजायला बसायचा.

आमचं साखरा तेव्हा निजामाच्या राज्यात. धोतर, बंडी आणि पागोटं सोडून अंगावर काही चढवणं म्हणजे आमच्याकडे चैन. शेरवानी घालायची ती तहसीलदारानं, वकिलानं, थोडक्यात ज्याच्यापुढे आपण हात जोडून उभं राहायचं त्यानं. मग आयुष्यात एक दिवस तरी लोकांनी आपल्यापुढे उभं राहावं असं नवरदेवाला वाटलं तर त्यात नवल नव्हतं. गावात शेरवानी एकच, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांत नवरदेव बदलत गेले आणि शेरवानी तीच राहिली. खाली धोतर मात्र ज्याचं त्याचं. असा तो नवरदेव गुडघ्यापर्यंत तहसीलदार आणि गुडघ्याखाली साखऱ्याचा कुणबी दिसायचा, आणि बायका त्याच्याकडे पाहून पदर तोंडाला लावायच्या.

ही काळी शेरवानी चाचाला हिंगोलीच्या एका तहसीलदारानं दिली होती. चाचानं त्याच्या घरच्या गाद्या भरून दिल्या, साहेबाला त्या रात्री म्हणे कित्येक महिन्यांनी झोप लागली, आणि सकाळी खूश होऊन त्यानं अंगातली काढून दिली. अंगातली हे चाचाचं म्हणणं. साहेब अंगानं काटकुळा होता, त्यामुळे शेरवानी काखेत घट्ट. चाचानं स्वतः ती कधी घातली नाही. "मी घातली तर लोक मला सलाम करतील," तो म्हणायचा, "आन् मंग मला हसू आवरनार न्हाई." तो वर्षभर एका विटक्या सदऱ्यात असायचा. दाढीत आणि भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले, त्यामुळे तिशीतही तो म्हातारा दिसे आणि साठीतही तेवढाच.

बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. घरात कापूस पिंजायचं ते मोठं पिंजण, एक कोंबडी आणि शेरवानीची पत्र्याची पेटी. शेरवानीबद्दल तो घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचा. तिला ऊन सोसत नाही, तिला घामाची तकलीफ होते, काल कोळशाच्या लग्नापासून ती नाराज आहे. कोळसा म्हणजे आमच्या गावातला एक काळासावळा नवरदेव. त्यानं शेरवानी घालून कढी प्यायली होती, आणि चाचानं पुढे वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

लग्नाला बोलावण्याचीही एक रीत पडून गेली होती. नवऱ्याचा बाप देवाला अक्षत ठेवायचा, भावकीला द्यायचा, मग मदारचाचाच्या घरी येऊन कुंकवात भिजवलेले तांदूळ त्या पेटीवर ठेवायचा. आमंत्रण शेरवानीला. चाचा बाजूला उभा राहून शेरवानीच्या वतीनं मान डोलवायचा.

लग्नाच्या सकाळी तो नवरदेवाची तपासणी घेई. हळद नीट धुतली का, मान दाखव, कानामागं दाखव. नवरदेव किडकिडीत असला तर खांद्यांत पिंजलेला कापूस भरून त्याला भरदार करायचं, हे काम पिंजाऱ्याच्या हातचा मळ. एकदा वैशाखाच्या उन्हात घामानं तो कापूस खाली उतरला आणि सकाळी छाती काढून निघालेला नवरदेव संध्याकाळी पोट घेऊन परतला. सासरकडच्यांना वाटलं, आपल्या जेवणाचा गुण. नवरदेव जाडा असला तर पाठीची शिवण मोकळी ठेवून वरून उपरणं टाकायचं आणि त्याला बजावायचं की कुणाला पाठ दाखवायची नाही. तो बिचारा मांडवातून मागे मागे चालत बाहेर पडायचा. पोरगा सासऱ्याला पाठ दाखवत नाही, केवढे संस्कार, असं म्हणत म्हातारी माणसं डोळे पुसायची.

पण खरी गोष्ट काखेची. हात छातीच्या वर गेला की काखेची शिवण उसवायची, हे चाचाचं ठाम मत. म्हणून हार घालायची वेळ आली की तो जागेवरून ओरडायचा, "हात खाली, नवरदेव!" मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजीचा आवाज एकवेळ मागे ऐकू जाणार नाही, चाचाचा शिवेपर्यंत जायचा. नवरदेव हार घेऊन हात छातीशी धरून पुतळ्यासारखा उभा. मग नवरीनंच मान खाली वाकवून हारात घालायची. सुरुवातीला नवऱ्या बुजल्या, मग करवल्या शिकवू लागल्या, आणि काही वर्षांत ती साखऱ्याची रीतच झाली. परगावचे लोक म्हणत, साखऱ्यात सून येते ती मान लववूनच येते. हे शेरवानीच्या काखेमुळे आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण ऐकायला बरं वाटत होतं.

एकदा शेरवानी मांगवाड्यातल्या लग्नात गेली. चाचा अर्थात बरोबर गेला, जेवला, "हात खाली" ओरडला आणि परत आला. त्याच आठवड्यात पाटलाच्या पोराचं लग्न. पाटील दारात येऊन उभा राहिला आणि विचारू लागला की ऐकतो ते खरं का. चाचानं पेटी उघडून लोबानाची धुरी घातली आणि शांतपणे म्हणाला, "मालक, तिनं आजपतुर कोनाला इचारलं न्हाई का हे आंग कोनाचं. तुमी काहून इचारता?" पाटलाकडे दुसरी शेरवानी नव्हती, म्हणून तो प्रश्न तिथंच मिटला.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं आणि भाद्रपदात पोलिस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. त्याआधीचे महिने गावानं जीव मुठीत धरून काढले होते, त्याबद्दल आजही कुणी मोकळेपणी बोलत नाही. मला आठवतात ती डोकी. आमचा पटवारी जातीनं ब्राह्मण, पण वीस वर्षं कचेरीत लाल रुमी टोपी घालून बसायचा, तिचा गोंडा उजवीकडे पडावा म्हणून सारखी मान हलवायचा. निजाम गेल्याची बातमी सकाळी आली आणि दुपारी पटवारी पांढरी टोपी घालून चावडीवर हजर. टोपी पांढरी, पण मान हलवायची सवय तशीच राहिली. नसलेला गोंडा तो मरेपर्यंत उजवीकडे टाकत होता.

आम्ही हिंगोलीला शिकलेली पोरं तर खादीशिवाय बोलत नव्हतो. कालपर्यंत जी शेरवानी घालून माणूस साहेब दिसायचा, ती आता अंगावर असली तर लोक मागे वळून बघायचे, आणि ते बघणं चांगलं नव्हतं. दोघा-तिघांनी चाचाला सल्ला दिला, जाळून टाक, नसती आफत कशाला. तो म्हणाला, "तिनं कोनाचं काय वाईट केलं? तिनं निस्ती लगनं लावली." आणि पेटी उचलून आत नेली. तो घराबाहेर फारसा पडेनासा झाला.

तुळशीचं लग्न झालं आणि त्या मोसमातलं गावातलं पहिलं लग्न ठरलं ते माझं. मुलगी कनेरगावची. दिवस असे की वऱ्हाड घेऊन रस्त्यानं जायला कुणी राजी नव्हतं, म्हणून मुलीकडचीच माणसं आमच्या दारात आली. मी खादीचा सदरा, खादीची टोपी आणि पायात चपला घालणार हे मी आधीच जाहीर केलं होतं. वडलांनी हरकत घेतली नाही. पण अक्षत द्यायला निघाले तेव्हा ते मदारचाचाच्या घरासमोर थांबले, हातातल्या तांदळाकडे पाहत राहिले आणि परत आले.

आईनं विचारलं, "मदारभाऊला दिली का?"

"ठिवू कशावर?" वडील म्हणाले. "शेरवानी तर लागंना."

त्यांना अडचण खरोखरच पडली होती. रीत पेटीवर अक्षत ठेवायची होती, शेरवानीला बोलवायची होती. मदारचाचाला बोलवायची रीत गावात कधी पडलीच नव्हती, कारण तो आपला येतच होता.

लग्नाच्या दिवशी मांडव भरला. माझी धाकटी बहीण गोदू करवली म्हणून मिरवत होती. मी अंतरपाटाच्या अलीकडे खादीत उभा, आणि माझे हात इतके मोकळे की त्यांचं काय करावं हे कळेना. बैलगाड्या सोडल्या होत्या तिकडे सहज नजर गेली तर एका गाडीच्या साटीला टेकून मदारचाचा उभा. तोच विटका सदरा. तो आत आला नव्हता. आजवर प्रत्येक लग्नात त्याला काम होतं, आज नव्हतं, आणि कामाशिवाय मांडवात कसं बसायचं हे त्याला माहीत नव्हतं. शिवाय त्या दिवसांत कुठल्या मांडवात आपलं येणं चालेल याची त्याला धास्ती असणारच. मला वाईट वाटलं, पण तोवर अंतरपाट दूर झाला होता.

नवरीनं मला हार घातला. आता माझी पाळी. स्वतंत्र हिंदुस्थानातला नवरदेव, खादी घातलेला, कुठल्या काखेची भीती नाही, मी हार घेऊन दोन्ही हात चांगले डोक्याच्या वर नेले. आणि पाहतो तर समोर डोकंच नाही. नवरीची आत्या साखऱ्यात दिलेली, तिनं पढवून ठेवलं होतं, आमच्याकडं मान लववायची रीत हाय. त्यामुळे माझे हात आभाळात आणि नवरीची मान माझ्या पोटाशी.

तेवढ्यात गाड्यांकडून आवाज आला, "हात खाली, नवरदेव!"

सवयीनं निघून गेला तो शब्द. पुढच्याच क्षणी चाचानं हात तोंडावर ठेवला. सगळी माणसं वळून त्याच्याकडे बघू लागली, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला अजून आठवतो. मी हात खाली घेतले. छातीशी धरले. नवरीची मान हारात गेली. मग पाटीलच पहिल्यांदा हसला, आणि मग सगळा मांडव. कुणीतरी जाऊन चाचाला दंडाला धरून आणला आणि नेहमीच्या जागी बसवला. तो बसला आणि लग्न संपेपर्यंत माझ्या काखांकडे बघत राहिला, बहुधा दुसरीकडे कुठे बघावं हे न सुचून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात आला. खांद्यावर नवी रजई. आहेर म्हणून आणली, म्हणाला. आईनं ती ओसरीवर उलगडली. कडेनं लाल खारवा आणि मधोमध कधीकाळचं काळं कापड. ते कापड कुठलं हे आम्हा सगळ्यांना एकाच वेळी कळलं. बटणं काढून टाकली होती. उन्हापावसानं आणि घामानं ते कापड पार विटून तपकिरी झालं होतं, पण मध्येच दोन पट्टे मात्र कोरे करकरीत काळे होते, आदल्या दिवशी दुकानातून आणल्यासारखे.

माझ्या आईचा हात शिवणाचा. तिनं त्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. ही काखेची शिवण. शिंप्यानं आतून चांगलं दोन बोटं कापड दाबून ठेवलं होतं, पुढेमागे सैल करायला. इतकी वर्षं ते आतच राहिलं होतं, म्हणून त्याचा रंग गेला नव्हता.

"मदारभाऊ," आई म्हणाली, "येवढं कापड आत होतं. काखंत सैल काहून न्हाई केली? एका दुपारचं काम."

चाचा रजईची कड सरळ करत राहिला. मग म्हणाला, "सैल केली असती ना भाभी, तर ती एकलीच गेली असती लग्नाला."

आई उठून आत गेली. मला वाटलं चहा ठेवायला गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत कुंकवाचे तांदूळ होते. तिनं चाचाला हात पुढे करायला सांगितला आणि ते त्याच्या तळहातावर ठेवले.

"गोदूच्या लग्नाची अक्षत हाय," ती म्हणाली. "तुमी यायचं."

चाचानं मूठ मिटली आणि तशीच धरून तो घरी गेला. गोदूला तेव्हा अजून स्थळसुद्धा आलेलं नव्हतं.